हाताने फिरवलेलं इंजिन

डोंबिवलीच्या सोसायटीत आज शेजारचे काका पान्ह्याने गाडीचं इंजिन फिरवत होते. जुन्या ऑइलचा वास आला आणि मला कोपरीच्या आमच्या जुन्या घराचं अंगण आठवलं.

बाबा गेल्यावर त्यांची गाडी मी चालवायची, असं घरात ठरलेलं. त्या रविवारी धाकटा भाऊ टॅपेट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट, सेट करत होता आणि त्यासाठी मी वाकून पान्ह्याने, हाताने इंजिन फिरवत होते. "ताई, अजून थोडं. बस, थांब," तो म्हणायचा, पण माझ्याकडे बघायचा नाही. मला वाटलं, कामात लक्ष आहे. तळहाताला फोड आले तरी मी खूश होते.

दुपारी एक माणूस आला. चालू इंजिनचा आवाज ऐकून त्याने मान डोलावली आणि भावाने त्याला चावी दिली. गाडी विकायचा सौदा आधीच झालेला.

"सांगितलं असतं, तर तू हात लावला असतास का?" भाऊ म्हणाला.