खालचं टोक

"बारा झाले माझे."

"एकही झालेला नाही, भावोजी. बारा वेळा चढलात आणि बारा वेळा पडलात. पडलेलं मी मोजत नाही."

"खाली यायला काय अक्कल लागते?"

"गुडघ्याला विचारा की."

दोन्ही हातांत दहा-दहा किलोची डंबेल्स घेऊन लाकडी ठोकळ्यावर तोंड पाडून उभे असलेले भावोजी म्हणजे घरसामान हलवणाऱ्या कंपनीतले सर्वांत जुने हमाल. कामावर त्यांना 'खांब' म्हणत. सव्वीस वर्षं त्यांनी लोकांची घरं पाठीवरून इकडची तिकडे केली होती. आणि आता व्यायामशाळेत त्यांना व्यायाम शिकवत होती कोण, तर धाकटी मेहुणी. गुडघ्यापेक्षा तेच जास्त दुखत होतं.

जड वस्तू जिन्यातून उतरते तेव्हा खालच्या माणसावर सगळा भार येतो. ते खालचं टोक कायम खांबाचं. पण गेल्या महिन्यात फ्रिज उतरवताना गुडघ्याने दगा दिला, फ्रिज भिंतीला घासला आणि मुकादमाने ते पाहिलं.

"सहा आठवड्यांनी तिसऱ्या मजल्यावरून पियानो उतरवायचाय," तो म्हणाला. "जमलं तर टोक तुझंच. नाहीतर गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून यादीवर खुणा करत जा."

ड्रायव्हर दिवसभर गात असे. ज्याने ते ऐकलं होतं, तो त्या जागेवर राजीखुशीने बसत नसे.

"तुमचं काय होतं सांगू?" मेहुणी म्हणाली. "चढवताना जीव ओतता. उतरवताना मात्र सुटलो एकदाचे म्हणून धावता. तुमच्या पायांना ढकलायची सवय आहे, आवरायची नाही. आता एक पाय ठोकळ्यावरच ठेवा. दुसरा जमिनीला टेकेपर्यंत चार आकडे मोजायचे."

"एकदोनतीनचार."

"हे मोजलंत की शिंकलात? पाच-पाच किलोची घ्या बरं."

"पाच? एवढी तर तुझ्या ताईची भाजीची पिशवी असते."

"मग तिलाच बोलावते. ती पिशवी घेऊन रोज जिना उतरते, न आपटता."

भावोजींनी पाचची उचलली. एक. दोन. तिसऱ्या आकड्याला मांडी शिलाई मशिनसारखी थडथडायला लागली. आठव्या फेरीला ते ठोकळ्यावरच बसले.

"या वजनांत काहीतरी घोळ आहे."

"वजन पाचच आहे. इतके दिवस तुम्ही ते वर नेऊन सोडून देत होता. आज खालपर्यंत धरलंत."

मग आठवड्यातून तीनदा हेच. घरीसुद्धा ते खुर्चीत इतक्या सावकाश टेकू लागले, की बायकोने विचारलं, "पाय हलतोय का हो खुर्चीचा?"

पियानोच्या दिवशी वरच्या टोकाला जोडीचा हमाल टकल्या होता. पहिल्याच वळणावर तो कुरकुरला, "चल की खांबा, हात तुटले."

"मी सांगीन तेव्हाच पाय टाकायचा."

पायरी. थांबा. पायरी. प्रत्येक पायरीला पियानोच्या पोटात बारीक गुणगुण उठायची आणि शांत व्हायची. मुकादमाने दुसऱ्या मजल्यावर घड्याळ पाहिलं, पहिल्या मजल्यावर पुन्हा पाहिलं. शेवटच्या चार पायऱ्या राहिल्या, तेव्हा टकल्या सवयीने पुढे लोटायला लागला. भावोजींनी सगळा भार मांड्यांवर घेतला आणि पियानो तिथेच थोपवला. गुडघा गप्प होता. पियानो फरशीवर असा टेकला, की आवाजसुद्धा आला नाही.

मुकादमाने चारही बाजूंनी हात फिरवला. ओरखडा सापडेना, तसा तो जरा हिरमुसलाच.

"ठीक आहे. पण अर्धा तास लागला. सोमवारी पाचव्या मजल्यावरून तिजोरी उतरवायचीय. जरा घाई करशील, की टोक टकल्याला देऊ?"

टकल्या घाईघाईने आपला तळहात बघू लागला.

पियानोचं स्टूल अजून वरच होतं. भावोजींनी घाम पुसला, ओझं उचलायचा पट्टा खांद्यावर टाकला आणि "तिजोरीला तास लागेल," म्हणत मुकादमाच्या शेजारून ते जिन्याकडे निघून गेले.