बिनमिठाचं जपान

प्रवासाने माणसाची दृष्टी व्यापक होते, असं म्हणतात. आयर्लंडमध्ये डब्लिनहून ट्रलीला जाणाऱ्या गाडीत फक्त भूक लागते.

दर शनिवारी माझ्यासमोर बसणारा तो मराठी गृहस्थ डब्लिनजवळ चेरीवूडला नोकरी करायचा. बायको तिकडे ट्रलीच्या बाजूला, केरीतल्या औषधांच्या कारखान्यात होती. आता किडनीच्या आजाराने ट्रलीच्या हॉस्पिटलमध्ये. ती बरी झाली की दोघं जपानला जाणार होते. मोबाइलवर तो आवाज बंद करून बुलेट ट्रेनचे व्हिडिओ बघायचा आणि मांडीवरचा डबा एका हाताने धरून ठेवायचा. डब्यात ओकोनोमियाकी.

"नावाला घाबरू नका, कोबीचं धिरडं आहे," तो म्हणाला. "तिथली हॉटेलं कुठली परवडायला! म्हणून घरीच शिकलो. हिला मीठ बंद, म्हणून बिनमिठाचं. एक घास खाते आणि म्हणते, अजून जपानी लागत नाही, पुढच्या शनिवारी परत कर."

गाडी मध्येच थांबली. तिकीट तपासनीस "ऑल ग्रँड", म्हणजे सगळं ठीक आहे, म्हणत निघून गेला.

"जपानात गाडीला उशीर झाला तर माफी मागतात," तो घड्याळाकडे बघत म्हणाला. "इथे माझी भेटायची वेळ संपेल हो."

मागच्या शनिवारी गाडी अगदी वेळेवर धावत होती. तो व्हिडिओ बघत नव्हता. मी बायकोची चौकशी केली.

"मंगळवारी गेली. तिच्या खोलीतलं सामान आणायला चाललोय."

डबा मात्र होता. सवयीने केलं गेलं, म्हणाला, आणि अर्धं माझ्यापुढे ठेवलं.

मी एक तुकडा मोडून खाल्ला. या वेळी मीठ बरोबर होतं.