सोबतीला दिलेली मुलगी

आठवीत विषय निवडायचे असतात, असं म्हणतात. माझे विषय मी सोडून बाकी सगळ्यांनी निवडले. गावातल्या आबांनी निवडले, हेडसरांनी निवडले, आणि माझ्या आईनं त्यांच्यापुढं मान डोलावली. या गोष्टीला किती वर्षं होऊन गेली, तरी आठवलं की डोकं तापतं.

आमची शाळा पलूसच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सातवीपर्यंत सगळ्यांना सगळं सारखंच असायचं. आठवीत फाटे फुटायचे: संस्कृत, हिंदी, नाहीतर टेक्निकल. जूनच्या पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षक पटांगणात तीन रांगा करायला लावायचे, आणि ज्यानं त्यानं आपापल्या रांगेत जाऊन उभं राहायचं. एकदा रांग धरली की दहावीपर्यंत तीच.

मला संस्कृत हवं होतं. आम्ही बौद्ध. विहारातली पाली वंदना मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होती, अर्थ अर्धामुर्धाच कळायचा. सातवीत असताना शेजारच्या वर्गातून संस्कृतच्या बाईंचा आवाज यायचा आणि त्यातले काही शब्द मला ओळखीचे वाटायचे. लांबच्या नात्यातलं कुणी अचानक बाजारात भेटावं, तसं व्हायचं. आमच्या घरात तोवर संस्कृत कुणी मागितलं नव्हतं आणि कुणी देऊही केलं नव्हतं. वडील सैन्यात, तेव्हा आसामकडं होते. ते सुट्टीवर येतील तेव्हा त्यांना एक श्लोक न अडखळता म्हणून दाखवायचा, असा माझा बेत होता. बेत मोठा नव्हता. तेवढाही झाला नाही.

कारण आबांच्या मुलीला टेक्निकल घ्यायचं होतं. आबा म्हणजे गावातले बडे बागायतदार, शाळेच्या कमिटीवर असलेले. टेक्निकलच्या मुलांना पुढं डिप्लोमाला राखीव जागा असतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. मुलींना टेक्निकल द्यायचं नाही, असा शाळेचा नियम मुळीच नव्हता. फक्त एकटी मुलगी घ्यायची नाही, एवढंच. वर्कशॉप शाळेच्या मागं, ओढ्याच्या कडेला. आत सगळी मुलं. मग मुलीला सोबत नको का?

आमच्याकडं मुलगी म्हटली की सोबत आलीच. दुकानात जायचं, सोबत. एसटी स्टँडवर जायचं, सोबत. शाळेत पाणी प्यायला नळावर जायचं, तरी वर्गशिक्षक म्हणायचे, "दुसरी कोण जातेय? जा, दोघी जा." त्या दुसरीला तहान लागलीय का, हे कधी कुणी विचारलं नाही.

आबा आमच्या दारात आले. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले. आई ब्लाउज शिवायची, आणि त्यांच्या घरातलं सगळं शिवण आमच्याकडं असायचं. ते म्हणाले, "तुमची पोरगी हुशार हाय. आमच्या पोरीला सोबत हुईल." आई म्हणाली, "व्हय आबा." झालं. मी आत भाकरी खात बसले होते. मला कुणी हाक मारली नाही.

रांगा लागल्या त्या सोमवारी मी तरीसुद्धा संस्कृतच्या रांगेत जाऊन उभी राहिले. हेडसर आले, त्यांनी माझं मनगट धरलं आणि हसत हसत मला टेक्निकलच्या रांगेत आबांच्या मुलीमागं नेऊन ठेवलं. "तू इकडं गं, विसरलीस काय?" म्हणाले. मुलं हसली. घरी येऊन मी आईशी कडाकडा भांडले, मला न विचारता का दिलंस म्हणून; संस्कृतचं नाव काही तोंडातून निघालं नाही. तिचं एकच, "आबा दारात आले हुते. काय म्हणू मी?"

वर्कशॉपमध्ये आम्हाला खाकी अ‍ॅप्रन मिळाले, मुलांच्या मापाचे, गुडघ्याखाली लोंबणारे. लोखंडी पट्टी टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळायची आणि कानशीनं घासून सरळ करायची. जे घासून तयार होईल त्याला 'जॉब' म्हणायचे. आबांची मुलगी स्वभावानं वाईट नव्हती, पण कानशीच्या आवाजानं तिच्या दातांत शिणका यायच्या. थोडं घासलं की पट्टी माझ्याकडं सरकवायची. "तू कर की गं, तुला जमतंय." म्हणजे सोबतीचं कामही मीच करायचं आणि जिच्या सोबतीला आले तिचंही मीच. चार महिने मी दोन-दोन जॉब घासले. हाताला घट्टे पडले. पलीकडच्या इमारतीत संस्कृतची मुलं एका सुरात काहीतरी म्हणत असायची. वारा इकडचा असला की ऐकू यायचं, आणि मी कानस अधिकच जोरात ओढायची.

दिवाळीची सुट्टी संपली आणि आबांची मुलगी शाळेत आलीच नाही. तिच्या मामाचं घर सांगलीत, विश्रामबागला. तिथली शाळा चांगली, इंग्रजी चांगलं, म्हणून तिला तिकडं घातली. मला हे वर्गातल्या मुलांकडून कळलं. तिनं काही सांगितलं नाही, तिच्या घरच्यांनीही नाही. सांगायचं तरी कुणाला होतं म्हणा.

पहिल्याच वर्कशॉपच्या दिवशी हेडसरांनी मला ऑफिसात बोलावलं. "आता तुला टेक्निकलमध्ये ठेवता येणार नाही. एकटी मुलगी, काही झालं तर जबाबदार कोण? उद्यापासून हिंदीच्या वर्गात बस."

"मग संस्कृत द्या, सर."

"संस्कृत बरंच पुढं गेलंय. आता तुला झेपणार नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला लोखंड लय आवडायला लागलं होतं, अशातला भाग नाही. पण ज्या रांगेत मला ओढून आणून उभं केलं, त्या रांगेतून पुन्हा ओढून तिसरीकडंच न्यायचं? मी काय वर्गातला बाक होते, इकडून उचलून तिकडं ठेवायला? मी म्हणाले, "मी टेक्निकल सोडणार नाही."

"एकटी?"

"एकटी कुठं सर? सगळा वर्ग आहे की."

"तोच तर प्रश्न आहे," हेडसर म्हणाले. "दुसरी मुलगी घेऊन ये, मग बघू."

दुसरी मुलगी आणायची कुठून? दिवाळीनंतर कुणाचे आईबाप विषय बदलू देणार? एकटी म्हणून काढतायत, दुसरी मुलगी आण म्हणतायत, एवढं मी घरी आल्यावर आईला सांगितलं. तिनं मशीन थांबवलं, पदर सारखा केला आणि मला घेऊन आबांकडं गेली. ते सोप्यात पेपर वाचत बसले होते.

"आवं आबा, हेडसरांकडं एक शब्द टाका," आई म्हणाली. "तुमच्या पोरीपायी हिला तिथं घातली. आता ही एकटी पडली म्हणून काढत्यात."

"आता आमची पोरगीच न्हाई तिथं," आबा म्हणाले. "मी कशाला मधी पडू? आन पोरीच्या जातीला लोखंड कशाला? शिवण शिकव की. घरातच हाय."

जूनमध्ये त्यांच्या पोरीच्या जातीला लोखंड चालत होतं, ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आईनं माझा हात दाबला, म्हणून गप्प बसले. तिचा चेहरा मात्र मी पाहिला. आई वडूजकडची. तिकडच्या माळावर वाढलेली माणसं एरवी सोसत बसतात, पण एकदा बिनसलं की मागं फिरत नाहीत.

पुढच्या वर्कशॉपच्या दिवशी ती माझ्याबरोबर शाळेत आली. हातात कापडी पिशवी. वर्कशॉपच्या दाराशी एक मोडकं स्टूल होतं, त्यावर बसली आणि पिशवीतून ब्लाउज काढून हुक लावायला लागली. वर्कशॉपचे सर सातारचे, मवाळ गृहस्थ. ते गांगरले. "बाई, तुम्ही इथं?"

"दुसरी बाईमाणूस पायजे म्हणाले हेडसर. मी हाय की."

त्यांनी हेडसरांना बोलावून आणलं. हेडसर दारातूनच बघत राहिले, पण बाईमाणूस नको असं कोणत्या तोंडानं म्हणणार? मी अ‍ॅप्रन चढवला आणि माझा जॉब व्हाइसमध्ये आवळला. एकच जॉब, माझा स्वतःचा. मुलं सुरुवातीला आईकडं टकामका बघायची. पुढं त्यांतलाच एकजण शर्टाचं तुटलेलं बटण तिच्याकडून लावून घ्यायला लागला.

आठवड्यातले दोन दिवस ती येत राहिली. तेवढा वेळ घरातलं मशीन बंद. नाताळच्या सुट्टीआधी एकदा हेडसर वर्कशॉपमध्ये आले आणि जरा समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, आता तुम्ही यायची गरज नाही. मुलगी चांगली रुळलीय. तिला आता भीती वाटत नाही."

आईनं दोरा दातानं तोडला. "तिला कवाच वाटत न्हवती, सर. भ्या तुमाला वाटत हुतं. मी तुमच्या सोबतीला येती."

सगळ्या कानशी थांबल्या. हेडसर आल्या पावली निघून गेले, आणि त्यानंतर मला कुणी वर्कशॉपमधून काढायची भाषा केली नाही.

घरी जाताना उसाच्या कडेकडेनं आम्ही दोघी चाललो होतो. मला आईचा इतका अभिमान वाटत होता की तिच्या हातातली पिशवी मी घेतली. थोडं चालून गेल्यावर ती म्हणाली, "जूनमदी तुला खरंच काय पायजे हुतं गं?"

"संस्कृत."

ती थबकली. "मग तवाच का न्हाई बोललीस? आबा दारात हुते तवा?"

"मला कुणी विचारलं?" मी म्हणाले.

मी तिची समजूत घातली नाही. पिशवी तेवढी हातात धरून मी पुढं चालत राहिले, आणि ती माझ्या मागून आली.