कोपरा फाटलेलं पाकीट

खरं सांगते, ते नऊ दिवस मी दत्तमहाराजांसमोर दिवा लावायचे, पण नजर वर करायची हिंमत होत नव्हती. त्यांच्याच तसबिरीमागे मी दुसऱ्याचं पत्र लपवून ठेवलं होतं.

इकडे हिंदी मुलखात, घमापुरातल्या आमच्या घरी वरच्या खोलीत खलील भाड्याने राहायचा. पॅलेस्टाइनचा, इथे इंजिनिअरिंग शिकायला आलेला. तिकडे लढाई झाली आणि सैनिकांनी त्याचं अख्खं गाव रिकामं करायला लावलं. त्याला एकटी आईच होती. ती गाववाल्यांबरोबर चालत नदीपलीकडे गेली, तंबूत राहते, एवढं कळलं आणि मग पाच महिने काहीच नाही. पोरगा कॉलेजातून आला की जिन्यातूनच विचारायचा, "माँजी, चिट्ठी?"

एके दुपारी पत्र आलं. परदेशी पाकीट, वरचा कोपरा फाटलेला. आपल्यात मरणाची बातमी कळवायची तर पत्राचा कोपरा फाडून पाठवतात. दुसऱ्या दिवसापासून त्याची शेवटच्या वर्षाची परीक्षा. मी ठरवूनच टाकलं, पेपर संपेपर्यंत द्यायचं नाही. आमचे हे म्हणाले, "काहून लपवून राहिली तू? त्याची चिठ्ठी, त्याला दे." मी त्यांनाच गप्प केलं. मला मेलीला फार कळतं ना!

रोज तो विचारायचा, रोज मी "नहीं रे बेटा" म्हणायचे. त्याला आग्रहाने पोळी वाढायचे आणि माझं ताट तसंच उचलून ठेवायचे. देवाचाही राग यायचा. एवढं नाव घेते तुमचं, मग हे माझ्याच पदरात काहून टाकलं?

नवव्या दिवशी राहवेना. कमानिया गेटजवळ एका अत्तरवाल्याला अरबी वाचता येतं, असं ऐकलं होतं. पाकीट फोडून आधी आपणच खात्री करून घ्यावी, असा माझा बेत. गेले तर दुकान बंद. पायरीवर बसून मी चक्क रडायला लागले. शेजारी एक म्हातारा छत्र्या दुरुस्त करत बसला होता. त्याने विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. पाकीट उलटसुलट करून तो म्हणाला, "अरे दीदी, यहाँ टिकट था. बाहर का टिकट है, किसी शौकीन ने कागज़ समेत उखाड़ लिया." खरंच की! तिकडच्या लोकांना आपली रीत कुठून ठाऊक असणार, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. "खत तो बंद है," तो म्हणाला, "जिसका है, उसे दे दो." नंतर दोनदा गेले मी तिथे, तो दिसला नाही. बसत असेल दुसरीकडे कुठे.

घरी आले. शेवटचा पेपर अजून बाकी होता आणि आत काय लिहिलंय हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. "महाराज, आता तुमचं तुम्ही बघा," म्हटलं आणि पत्र दिलं.

त्याने दोनदा वाचलं. "माँ घर पहुँच गई." काही थोड्यांना गावात परत येऊ दिलं होतं. घराला छप्पर राहिलं नव्हतं, पण भिंती होत्या आणि ती आत राहायला लागली होती. मग त्याने विचारलं, "कब आई चिट्ठी?"

खोटं बोलता आलं असतं. "नौ दिन हुए," मी म्हणाले.

"नौ दिन मैं उसको तंबू में सोचता रहा, माँजी." तो रागावला असता तर बरं झालं असतं.

मला काय सुचलं कोण जाणे. आत जाऊन भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी आणलं. लांबून कोणी घरी परतलं की आपण ओवाळून टाकतो तसं. त्याला उंबऱ्यापाशी उभं केलं. "माँ के बदले तू खड़ा रह," म्हटलं. तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, तेव्हा तो हमसून रडला. मीही रडले.

कोणाला काय सोसेल, हे ठरवायचं काम मी तेव्हापासून सोडून दिलं. माझ्या हाती फक्त पोचवणं आहे. त्या माउलीच्या दारात तिला ओवाळायला कोणी नसेल. महाराजांनी ते माझ्यासारख्या चुकलेल्या बाईकडून करून घेतलं, हे त्यांचे उपकार.