दोनशे पंधरावं भाषण

एल्डन टफ्टे जज झाले नाहीत, आणि त्यात माझाही तीन मिनिटांचा हात आहे. गावात कुणी हा विषय काढला की मी उठून कपबशा विसळायला लागते. पण आता एल्डन गेले, मर्लिनही गेला, आणि जो तो आपापल्या सोयीने ही गोष्ट सांगत सुटलाय. म्हणून एकदा मीच सांगून टाकते.

मी लव्हॉन. बावीस वर्षं एल्डनची सेक्रेटरी होते. साउथ डकोटातल्या आमच्या कॉटर्स क्रीकमध्ये वकील ते एकच. हार्डवेअरच्या दुकानावर आमचं ऑफिस, आणि वर चढायला एकवीस पायऱ्या. माणूस भयंकर बोलका. एल्डन पोस्टात पाकीट टाकायला गेले की तासाने परत यायचे आणि पाकीट हातातच असायचं. पण कोर्टात उभे राहिले की ते बोलणं कामाला यायचं. कुंपणाच्या एका भांडणात तर हरलेला शेतकरीसुद्धा बाहेर येऊन त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला होता, की निदान माझी बाजू काय होती ते मला आज कळलं.

अशा माणसाचं नाव राष्ट्राध्यक्षांनी रॅपिड सिटीच्या केंद्रीय कोर्टात जज म्हणून सुचवलं. गावात बँड वाजायचा तेवढा बाकी राहिला. एल्डन मलाही बरोबर नेणार होते. सरकारी नोकरी, नंतर पेन्शन, आणि त्या इमारतीत लिफ्ट. खरं सांगायचं तर माझा जीव त्या लिफ्टमध्येच जास्त अडकला होता.

सिनेटचा मंजुरीचा फॉर्म आला तो टेलिफोन डिरेक्टरीएवढा. त्यात एक रकाना होता: आजवर जिथे जिथे भाषण केलंत ते सगळं लिहा. तारीख, जागा, विषय, किती मिनिटं, कुणाच्या बोलावण्यावरून. दुसऱ्या एखाद्याचं एका पानात भागलं असतं. एल्डनच्या बायकोने, मार्डेलने, तळघरातून खोकीच्या खोकी वर आणली. चर्चचं जेवण, शाळेचा निरोप समारंभ, डुकरांच्या प्रदर्शनाचं बक्षीस वाटप. मी सहा आठवडे टाईप करत बसले. दोनशे चौदा भाषणं भरली. शेवटी शपथ होती: यातलं सगळं खरं आहे, आणि पुढे काही नवीन झालं तर लगेच कळवीन.

मग वॉशिंग्टनहून ब्रेंटचा फोन आला. ब्रेंट म्हणजे उमेदवारांना सांभाळायला ठेवलेला सरकारी माणूस. एल्डनना त्याने एकच गोष्ट सांगितली. मंजुरी मिळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. भाषण नाही, पेपरात पत्र नाही, अर्जावर सही नाही. नव्याने काही बोललात की विरोधातले सिनेटर त्यातलं एक वाक्य उचलतील आणि तुम्हाला त्यावर टांगतील.

"दोन महिने कळ काढा," तो म्हणाला.

त्या दोन महिन्यांचे बावीस महिने झाले.

एल्डनविरुद्ध सिनेटात कुणाचं काही नव्हतं. सुनावणीत त्यांना मासेमारीबद्दल विचारलं आणि अकरा मिनिटांत सोडून दिलं. पण राष्ट्राध्यक्ष डेमोक्रॅट, एल्डनही डेमोक्रॅट, आणि रिपब्लिकन सिनेटर भलत्याच कुठल्या नेमणुकीवरून चिडलेले. त्यांनी ठरवलं की एकही जज पुढे जाऊ द्यायचा नाही. तेव्हा जजच्या नावावरची चर्चा थांबवायलाच शंभरातली साठ मतं लागत. आमच्याकडे होती छप्पन्न. चार मतांवाचून घोडं अडलं. मी दुपारी ऑफिसात टीव्ही लावायची, तर तिकडे कुणी धरणाबद्दल बोलतोय, कुणी आपल्या आजोबांबद्दल. एल्डनचं नाव कुणाच्या तोंडी नाही. बोलणं थांबत नाही एवढंच.

जानेवारीत वर्ष उलटलं तेव्हा सिनेटने नियमाप्रमाणे सगळी नावं परत पाठवली. राष्ट्राध्यक्षांनी तेच नाव पुन्हा धाडलं, आणि मी तीच दोनशे चौदा भाषणं पुन्हा टाईप केली. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिकडे शंभर माणसं मुद्द्याचं काही नसताना बोलतायत, आणि इथे ज्याला बोलल्याशिवाय झोप लागत नाही तो तोंडाला कुलूप लावून बसलाय.

पक्षकार तुटले. अर्ध्यावर जज होऊन निघून जाणाऱ्या वकिलाला खटला कोण देईल? लोक पिएर शहरातल्या वकिलांकडे जाऊ लागले. एल्डन खिडकीपासून कपाटापर्यंत येरझाऱ्या घालायचे. फायली रंगांप्रमाणे लावायचे, दुसऱ्या दिवशी अक्षरांप्रमाणे. पुतणीच्या लग्नात ग्लास उंचावून उभे राहिले, सगळे ऐकायला थांबले, आणि हे नुसतेच खाली बसले. मार्डेलला त्या दिवशी रडू आवरेना. एकदा मी जेवून लवकर परत आले तर ऑफिसचं दार बंद, आणि आत एल्डन कॉपीच्या मशीनला कुंपणाचा कायदा समजावून सांगत होते. मी जिन्यातच थांबले. त्यांचं संपल्यावर पाय आपटत वर गेले.

आता मर्लिन. मर्लिन हॉफस्टाड, गुरंवाला, पक्का रिपब्लिकन. तो आणि एल्डन पहिलीपासून एका बाकावरचे. रोज सकाळी कॅफेत एकाच टेबलावर बसून एकमेकांची पिसं काढायची हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. एल्डनचं नाव सुचवल्यावर गावातल्या रिपब्लिकन लोकांनी सिनेटरला एक पत्र धाडलं, की असला जज आम्हाला नको. त्यावर मर्लिनची सही होती. एल्डननी ती पाहिली, पत्र घडी करून खिशात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून कॉफी ऑफिसात मागवू लागले. मी मात्र मर्लिनला रस्त्यात गाठून सुनावलं. तो टोपीशी चाळा करत म्हणाला, "सगळ्यांनी केली म्हणून मीही केली." मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रेंटचा फोन आला. त्याचा आवाज नाचत होता. चार सिनेटर वळले होते. गुरुवारी मतदान, आणि साठ नक्की.

नेमक्या त्याच सोमवारी आमच्या शाळा मंडळाची बैठक होती. सॉड क्रीक वस्तीवरची छोटी शाळा बंद करायची होती. मुलं फक्त एकोणीस. त्यांना बसने रोज पन्नास मैल आणायचं ठरत होतं, आणि तेही आमच्याकडच्या बर्फात. मर्लिनची दोन नातवंडं त्या शाळेत होती. चोवीस वर्षांपूर्वी दोन शाळामंडळं एक झाली तेव्हाचा करार एल्डननी लिहिला होता. त्यात साफ म्हटलेलं की पंधरा मुलं असेपर्यंत सॉड क्रीकला हात लावायचा नाही. मंडळाने बाहेरून आणलेला वकील म्हणे की तो कागद आता मेला. तो मेलेला नाही हे समजावून सांगू शकेल असा माणूस गावात एकच होता.

ब्रेंट म्हणाला, तिकडे फिरकूही नका. एल्डन म्हणाले, मी नुसता मागे बसेन.

मी माझ्यापुरती शक्कल काढली. तो करार कपाटातून काढून पर्समध्ये घातला आणि बोलणाऱ्यांच्या यादीत माझ्या नावाची चिठ्ठी टाकली. मीच वाचून दाखवणार. एल्डन गप्प राहतील, शाळेचं बघता येईल, आणि गुरुवारी आम्ही लिफ्टमध्ये.

गावातल्या शाळेच्या जेवणघरात बैठक भरली. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. अध्यक्षबाई डार्ला ओस्टबी यांच्यासमोर अंडी उकडायला लावतात तसलं घड्याळ. माणशी तीन मिनिटं, मग घंटा. पहिली चिठ्ठी मर्लिनची. तो उभा राहिला, घसा खाकरला, नातवंडांची नावं सांगितली, बस किती वाजता निघेल ते सांगितलं, आणि अडकला. त्याला गुरांशी बोलता येतं, माणसांशी नाही. सगळे खाली बघायला लागले.

"डार्ला, माझा किती वेळ उरला?" त्याने विचारलं.

"दीड मिनिट."

"मग तो मी एल्डनला देतो."

माझ्या मनात पहिलं हेच आलं, की हा कोल्हा आहे. सहीने काम झालं नाही म्हणून आता मित्राला सगळ्यांसमोर उठवतोय. पण मर्लिनच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो विचार टिकला नाही. त्याची हनुवटी थरथरत होती. डार्लाने नियमांची वही चाळली. वेळ दुसऱ्याला देऊ नये असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

एल्डन बसूनच होते. मी मागे वळून मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी मला पाहिलं. मग ते उठले, पुढच्या बाकाची कड धरली आणि बोलायला लागले. बावीस महिन्यांनी. पहिली दोन वाक्यं गंजलेल्या बिजागरीसारखी निघाली. तिसऱ्या वाक्याला सूर लागला. करार का लिहावा लागला इथवर ते आले आणि घंटा वाजली. वाक्य अर्धंच राहिलं.

"लव्हॉन क्विस्ट," डार्लाने दुसरी चिठ्ठी वाचली.

मी उभी राहिले. कागद हातात होता. दीड मिनिटात एल्डन असं काहीच बोलले नव्हते ज्याने वॉशिंग्टनात कुणाचं डोकं फिरावं. मी पुढचं वाचलं असतं तर तिथेच मिटलं असतं. मी तोंड उघडलं आणि एल्डनकडे पाहिलं. ते अजून खाली बसले नव्हते. चेहरा पूर्वी खटला रंगात यायचा तेव्हाचा होता. दोन वर्षांत मी तो चेहरा पाहिला नव्हता. मला त्यांचा राग आला, मर्लिनचा आला, त्या शंभर जणांचा आला, आणि त्या रागातच मी बोलले.

"माझीही तीन मिनिटं त्यांना."

मी कागद त्यांच्या हातात दिला आणि खाली बसून पर्समध्ये रुमाल शोधत राहिले. पुढे जे झालं ते सगळ्या गावाने पाहिलंय. एकेक चिठ्ठी निघत गेली. पेंड विकणारा, पाद्री, एल्डनविरुद्ध सही केलेले आणखी पाच जण. जो तो उठायचा, आपली तीन मिनिटं देऊन बसायचा. डार्ला दर वेळी घड्याळाला पीळ द्यायची. एल्डननी कराराचं कलमन्‌कलम सोललं. बाहेरच्या वकिलाने दोनदा हात वर केला आणि दोनदा खाली घेतला. शेवटी शेवटी मात्र एल्डन वाहवले. म्हणाले, बोलायचं ते दुसऱ्याला काही पटवायला, दुसऱ्याचा वेळ खायला नव्हे. हे आपल्या पाच जणांच्या मंडळाला कळतं, पण वॉशिंग्टनात दोन्ही पक्षांतल्या कुणालाच कळत नाही. मी डोळे मिटून घेतले. माझी लिफ्ट तिथेच पडली.

शाळा तीन विरुद्ध दोन मतांनी वाचली. आठ वर्षांनी मुलंच उरली नाहीत तेव्हा बंद झाली, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकवीस पायऱ्या चढून गेले तर एल्डन माझ्याआधी हजर. त्यांनी टाईपरायटरसमोर फॉर्मचं पान ठेवलं होतं. काही नवीन झालं तर लगेच कळवीन, ते पान. मी ब्रेंटला फोन लावला, म्हटलं तो तरी अडवेल. त्याने खूप आरडाओरडा केला. मग गयावया करत म्हणाला, "तुमचा पेपर शुक्रवारी निघतो. मतदान गुरुवारी आहे. दोन दिवस कुणाला कळणारही नाही."

एल्डननी फोन माझ्या हातातून घेतला. "मी शपथेवर सही केलीय, पोरा," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी टाईप करायला बसले. हे पान पोचलं की ते चार सिनेटर पुन्हा फिरणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दोनशे पंधरा. सोमवार, शाळेचं जेवणघर, विषय सॉड क्रीक. किती वेळ? त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, साडेबावन्न मिनिटं.

शेवटचा रकाना राहिला: कुणाच्या बोलावण्यावरून. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीशी होते. खाली रस्त्यावर मर्लिनचा ट्रक उभा होता, आणि मर्लिन तीन कॉफ्या सांभाळत जिन्याकडे येत होता.

"सगळ्यांची लिही," एल्डन म्हणाले.

मी अठरा नावं लिहिली. पहिलं मर्लिनचं, त्यापुढे दीड मिनिट. दुसरं माझं. ते टाईप करताना चूक झाली, पान बदलावं लागलं, आणि मी सगळी नावं पुन्हा पहिल्यापासून लिहिली.