रोटीतून दिसणारं भिवापूर

बायजाबाईंना घरात कोणी रागावत नाही, हेच त्यांचं दुःख. तुम्ही म्हणाल, हे कसलं दुःख? नऊ वर्षं भोगा, मग सांगा. भाजी खारट झाली तरी मुलगा संघपाल बोटं चाटत म्हणतो, "मस्त झाली आई." चहात साखर विसरल्या, तर सून नंदिनी गुपचूप पिऊन घेते. इतकं गोड माणूस पाहुण्याशी बोलतं, नाहीतर आजाऱ्याशी. बायजाबाई तर पाहुण्या नव्हत्या.

आजारी होत्या, नाही कोण म्हणतं? नऊ वर्षांपूर्वी आधी झोप गेली, मग बोलणं गेलं. एके दिवशी चुलीपुढे बसल्या बसल्या पदर पेटला, तरी त्या हलल्या नाहीत. पुढे दवाखाना झाला, गोळ्या झाल्या, हळूहळू त्या माणसांत आल्या. गोळी आजही रोज जेवणानंतर चालू आहे, तिची त्यांना लाजही नाही. पण गॅस पेटवला की नंदिनी मागे येऊन उभी राहते, आणि चुलीचं तर नावच काढायचं नाही.

चूल म्हणजे लांब रोटी. सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत ताणायची आणि चुलीवरच्या उलट्या मडक्यावर अलगद पांघरायची. लग्न असो, बारसं असो, वस्तीतलं पहिलं बोलावणं बायजाबाईंना. जोडीला भिवापूरच्या नणंदबाई, प्रयागबाई. त्या कणीक मळायच्या, या रोटी टाकायच्या, आणि दिवसभर दोघींची तोंडं हातांपेक्षा जास्त चालायची. रोटीला भोक पडलं की प्रयागबाई ती डोळ्यांपुढे धरायच्या. "वयनी, तुह्या रोटीतून तं भिवापूर दिसून राहिलं वं." सगळा मांडव हसायचा. बायजाबाई चिडून पिठाचा हात त्यांच्या गालाला पुसायच्या. काय दिवस होते ते.

यंदा संघपालनं घरावर खोली चढवली आणि जेवण ठरवलं. रोट्या बाहेरून आणू, म्हणाला.

"रोट्या मीच टाकीन," बायजाबाई म्हणाल्या.

"कशाले त्रास घेता आई?" नंदिनी म्हणाली.

"डॉक्टर म्हणले ना, जुनी कामं करत जा म्हणून? का तेही तुमच्या मस्तसारखंच होतं?"

संघपाल हो म्हणाला, पण त्या दिवशी अंगणात चूल मांडताना शेजारी पाण्याची भरली बादली ठेवायला विसरला नाही.

प्रयागबाई सकाळीच भिवापूरहून आल्या. त्यांनी कणीक मळली, पण तोंडातून चेष्टेचा शब्द नाही. तोलून-मापून बोलायची सवय त्यांनाही नऊ वर्षांपूर्वीच लागली होती. बायजाबाईंनी पहिली रोटी उचलली. ती अर्ध्यातच सुटली आणि विस्तवात पडली.

"होते आई, होते," नंदिनी म्हणाली.

दुसरी मडक्यावर बसली, पण मधोमध मुठीएवढं भोक.

"मस्त," संघपाल म्हणाला. त्याचा हात बादलीवर होता.

बायजाबाईंचा बांध फुटला. "मस्त काय? भोक दिसून नाही राहिलं तुले? चांगल्या माणसाचं चुकलं तं लोकं त्याले बोलतात गा. मले काहून कोणी बोलत नाही? मी का काचेची हाव?"

बायजाबाईंनी प्रयागबाईंकडे पाहिलं. प्रयागबाईंनी पदरानं डोळे पुसले, पुढे येऊन ती गरम रोटी मडक्यावरून उचलली आणि भोकाला डोळा लावला.

"वयनी," त्या म्हणाल्या, "भिवापूर तं दिसतेच, माह्या अंगणातल्या वाळत घातलेल्या मिरच्याबी दिसून राहिल्या. नऊ वर्षांत हात पार बिघडवला वं तू."

बायजाबाई रडल्या, आणि रडता रडता हसायला लागल्या. संघपाल घाबरून पुढे सरकला, तर त्यांनी त्याला हातानंच मागे लोटलं.

"माहा हात बिघडला? कणीक पाह्य आधी आपली, दगडावानी मळली," त्या नणंदेला म्हणाल्या.

"माही कणीक दगड?" प्रयागबाई कमरेला पदर खोचून भांडायलाच उभ्या राहिल्या.

दोघींची तोंडं सुरू झाली. तिसरी रोटी मडक्यावर अखंड बसली, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. नंदिनीनं ते पाहिलं. तिनं ती बादली उचलली आणि पाहुण्यांना हात धुवायला दाराशी नेऊन ठेवली.