पार्कातली येळवस

आमच्या गावाला लागून, भालकी रोडवर लेआउट पडला तो आमच्याच विकलेल्या शेतावर. मुरमाचे रस्ते झाले, प्लॉटांचे दगड रोवले. लेआउटवाला कलबुर्गीचा, गावात सगळे त्याला अण्णा म्हणत. नियम असा, की त्यानं थोडी जागा पार्कासाठी सोडून पंचायतीच्या हवाली करायची, मगच राहिलेल्या प्लॉटांना मंजुरी. पंचायतीनं आणखी एक मागितलं होतं. पार्कात बोअर पाडून आमच्या गल्लीला नळ द्यायचा. आमच्या गल्लीतल्या बाया मोठा रस्ता ओलांडून पाणी आणत. डोक्यावर घागर आणि समोरून उसाचे ट्रक.

हे मला माहीत, कारण मी मेंबर होते. जागा बाईसाठी राखीव निघाली आणि आमच्या मालकांनी माझं नाव देऊन टाकलं. मला सही येते. बोलणं घरात येतं, चार माणसांत येत नाही. म्हणून मीटिंगला मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर आणि मालक खिडकीबाहेर. ते खोकले की मी हात वर करायचा, असं आमचं ठरलेलं.

एका मीटिंगला अण्णा स्वतः आला. म्हणाला, बोअरला पाणी लागेल न लागेल, त्यापेक्षा गावाला कमान बांधून देतो आणि वर सगळ्या मेंबरांची नावं घालतो. नावं म्हटल्यावर मेंबर विरघळले. पार्काची जागा तो गिऱ्हाइकांना कोपऱ्याचे प्लॉट म्हणून दाखवत होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कमानीपुढं कुणाला आठवेना. अध्यक्षांनी विचारलं, कमानीला कुणाची हरकत? नेमकी तेव्हाच बाहेर कुणीतरी बिडी पेटवली. मालकांना ठसका लागला आणि माझा हात वर गेला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. काय हरकत आहे, म्हणून अध्यक्षांनी विचारलं. मी पदराचं टोक बघत बसले. बाहेर खोकला थांबेना, म्हणून दुसराही हात वर केला. शेवटी विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला.

घरी जाताना मालक म्हणाले, "हात कामून केलीस गे?"

"तुम्ही कामून खोकलाव?" मी म्हटलं.

मधे येळवस आली. त्या अमावस्येला आमच्याकडं अख्खं गाव शेतात जेवतं. कडब्याची खोपटासारखी कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही जेवल्याबिगर सोडायचं नाही. आम्हाला शेत उरलं नव्हतं. भावकीतून बोलावणं होतं, मालक तिकडं गेलेही. पण सासूबाई अडून बसल्या. त्यांचे पांडव लोकाच्या शेतात बसणार नव्हते. "पार्क गावाचं हाय म्हणतेत न्हवं? मग तितंच बसतेत."

पार्कात कोप झाली. गल्लीतल्या बिनशेताच्या घरच्या बाया डबे घेऊन आल्या. पीक नव्हतं, म्हणून सासूबाईंनी पिकावर शिंपडायची आंबील प्लॉटांच्या दगडांवरच शिंपडली.

तेवढ्यात अण्णाची गाडी आली. सोबत भालकीचे एक रिटायर मास्तर आणि त्यांची बायको, कोपऱ्याचा प्लॉट बघायला आलेले. कोप बघून अण्णाचा चेहरा उतरला. पण ही अमावस्या त्याच्याही घरी करतात. पांडवांपुढं चप्पल काढून हात जोडावेच लागले. सासूबाईंनी तिघांनाही धरून खाली बसवलं.

पालेभाज्यांची पातळ भज्जी वाढत मी मास्तरीणबाईंपाशी आले. त्यांनी विचारलं, "अक्का, कोपऱ्याचा प्लाट म्हणतेत ते ह्योच का ओ?"

अण्णाच्या तोंडात बाजरीचा अख्खा उंडा होता. मालक भावकीच्या शेतात. खोकायला कुणी नव्हतं.

"हे पार्क हाय," मी म्हटलं. "गावाचं. हितं बोअर पडणार हाय. प्लाट त्या खांबाच्या पल्याड."

मास्तरांनी अण्णाकडं बघितलं. सासूबाईंनी त्याच्या ताटात आणखी भज्जी ओतली. "अण्णा, पांडवासमोर बसलाव. व्हय म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा. सावकाश, गिळून म्हणा."

उंडा गिळेना. गिऱ्हाइकं बघत होती, पांडव बघत होते, गल्लीतल्या झाडून साऱ्या बाया बघत होत्या. त्यानं मान हलवली. व्हय. मास्तरीणबाई तर खूश झाल्या. पार्कासमोर घर म्हणजे हवा येईल, म्हणाल्या, आणि हात धुऊन खांबापलीकडचा प्लॉट बघायला गेल्या.

जाताना अण्णा मला म्हणाला, "अक्का, मीटिंगीत तोंड उघडत न्हाईस, हितं बरी बोललीस." मी त्याला तांब्याभर आंबील दिली.

पुढच्या मीटिंगला बोअरचा विषय निघाला तेव्हा मालक खिडकीबाहेर नीट बसलेसुद्धा नव्हते. माझा हात वर होता. मान हलवल्याची गोष्ट तोवर गावभर झाली होती. अण्णानं मुकाट्यानं जागा पंचायतीच्या हवाली केली आणि बोअरही पाडला.

कमान त्यानं हौसेनं बांधलीच, पण बुटकी. पहिल्याच हंगामात उसाची ट्रॉली तिला घासून गेली आणि नावांची ओळ खाली आली. माझंही त्यात होतं, वाचायला मिळालं नाही. नळ मात्र पांडवांच्या शेजारी आहे. घागर भरताना त्यांच्यावर पाणी उडतं, म्हणून सासूबाई रोज नव्या बाईशी भांडतात.

मालक पाहुण्यांना सांगतात, की ठसका लागला नसता तर नळ आला नसता. मी घागर उचलते आणि घरात जाते.